स्त्री-अभ्यासाची इंटर्नशिप : कुठे करावी, काय विचारावं, काय लिहू नये



मागच्या आठवड्यात इंदूरहून एका श्रोत्या ताईंचा फोन आला. त्यांची मुलगी दिल्लीत एम.ए. करते. विषय स्त्री-अभ्यास. उन्हाळ्यात आठ आठवड्यांची इंटर्नशिप करायची आहे, ती केल्याशिवाय श्रेयांक मिळत नाहीत. ताई म्हणाल्या, "कर्नलसाहेब, इंजिनिअरिंगचा मुलगा कारखान्यात जातो, वकिलीचा मुलगा कोर्टात जातो. माझ्या मुलीनं जायचं कुठे? आणि जाऊन करायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. तो माझ्यासारख्याला का विचारला, याचं मात्र तुम्हाला नवल वाटेल. बत्तीस वर्षं फौजेत काढली, आता वय सहासष्ट. शिक्षण म्हणाल तर एन.डी.ए.त मिळालेली पदवी, तेवढंच. स्त्री-अभ्यासाचा एकही पेपर मी दिलेला नाही. पण या प्रश्नात मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेलो आहे. निवृत्तीनंतर देहरादूनला स्थायिक झालो. इथे आम्ही चार-पाच निवृत्त अधिकारी आणि एक जुने सुभेदार क्लार्क मिळून सैनिकांच्या विधवांना पेन्शनच्या कागदपत्रांत मदत करतो. गेली काही वर्षं दर उन्हाळ्यात विद्यापीठांतून एखाद-दुसरी विद्यार्थिनी आमच्याकडे इंटर्न म्हणून येते. त्या मुलींनी मला बरंच शिकवलं. माझ्या हातून दोन मोठ्या चुका झाल्या, त्याही सांगणार आहे. म्हणजे ज्यांच्याकडे उद्या अशी मुलगी येईल, तेही सावध होतील.

हा विषय आला कुठून

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण पुष्कळ पालकांना वाटतं की हा विषय परदेशातून आलेलं खूळ आहे. तसं नाही. १९७१ साली केंद्र सरकारने भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष होत्या, वीणा मजुमदार पुढे सदस्य-सचिव झाल्या. १९७४च्या अखेरीस समितीने अहवाल दिला. 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हे त्याचं नाव. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांचं सगळं आपोआप सुधारत चाललंय, असा तोवर सगळ्यांचा समज होता. अहवालाने तो समज मोडला. साधं जनगणनेचं उदाहरण घ्या. १९०१ साली हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ साली ९३० राहिल्या. आकडे सरकारच्याच दप्तरात पडून होते. कुणी त्यांना प्रश्न विचारला नव्हता, इतकंच.

त्याच १९७४ साली मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात स्त्रियांविषयीच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र सुरू झालं. १९८१ साली स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद तिथेच भरली आणि १९८२ साली इंडियन असोसिएशन फॉर विमेन्स स्टडीज ही संघटना उभी राहिली. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मदतीने ठिकठिकाणी स्त्री-अभ्यास केंद्रं निघाली. पुणे, बडोदा, कोलकाता, हैदराबाद, दिल्ली, सगळीकडे आज हा विषय शिकवला जातो.

हे सांगण्याचं कारण असं की हा विषयच मुळी बाहेर जाऊन मोजण्यातून आणि विचारण्यातून निघाला. त्यामुळे इंटर्नशिप हे अभ्यासक्रमाला लावलेलं शेपूट नाही. वर्गात शिकलेलं खरं आहे की नाही, हे ताडून बघायची ती जागा आहे.

मोबाइल नंबराचा रकाना

आता माझी पहिली चूक.

आमच्याकडे पौडी, टिहरी, चमोलीकडच्या बायका बसने येतात. कामं ठरलेली. नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बायकोचं नाव एक आणि आधार कार्डावर दुसरं. जन्मतारखेचा घोळ. लग्नाची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये झालेलीच नाही, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी ती बायकोच नाही. अशा गोष्टी निस्तरायच्या, अर्ज भरायचे, पेन्शन सुरू झाली की वहीत 'केस बंद' असं लाल शाईने लिहायचं. त्या लाल शाईचा आम्हाला फार अभिमान होता.

पहिली इंटर्न आली मे महिन्यात. मी तिला पाहुणीसारखं वागवलं. खुर्ची दिली, चहा दिला आणि जुने फॉर्म संगणकावर चढवायला बसवलं. वाटलं, मुलगी आहे, उन्हात कशाला पाठवायची. दहा दिवस ती मुकाट्याने टायपिंग करत होती. अकराव्या दिवशी माझ्या टेबलाशी आली.

"सर, मोबाइल नंबराच्या रकान्यात जे नंबर आहेत, ते कुणाचे?"

"ज्या बाईचा फॉर्म, तिचा."

"नाही सर. या चार जणी एकाच गावच्या आहेत आणि चौघींचा नंबर एकच आहे."

चौकशी केली. तो गावातल्या एका दुकानदाराचा नंबर निघाला. मग आम्ही सगळ्याच फॉर्मवरचे नंबर फिरवत बसलो. कुठे मुलगा बोलला, कुठे दीर, कुठे जावई, कुठे पुतण्या. स्वतः बाईनं फोन उचलला असे फॉर्म थोडे. आता पेन्शनचं सगळं काम ऑनलाइन झालंय. ओटीपी त्या नंबरावर जातो, पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेजही त्याच नंबरावर जातो. म्हणजे तिच्या नावावर किती पैसे आले आणि कधी आले, हे तिच्याआधी दुसऱ्या कुणाला तरी कळतं. आमच्या वहीत केस बंद होती. पैसा तिच्या हातात पडतो की नाही, हे लिहायला वहीत रकानाच नव्हता.

मी तावातावाने म्हणालो, "म्हणजे हे सगळे हिचे पैसे खातात." ती मुलगी शांतपणे म्हणाली, "तसं आपल्याला माहीत नाही, सर. काही मुलगे इमानाने आईचं बघत असतील. आपल्याला एवढंच कळलंय की आपण विचारलेलं नाही." बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी तरुण अधिकाऱ्यांना हेच शिकवत आलो होतो की दिसलं ते सांगा, वाटलं ते वेगळं ठेवा. ते मला एका तेवीस वर्षांच्या मुलीकडून ऐकावं लागलं.

मग आम्ही फॉर्ममध्ये तीन प्रश्न वाढवले. फोन कुणाच्या हातात असतो? पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाकडे असतं? आज सोबत कोण आलंय? आणि एक नियम केला. बाईशी दहा मिनिटं एकटीशी बोलायचं. सोबत आलेल्या पुरुषाला बाहेरच्या खोलीत बसवून चहा द्यायचा. सुरुवातीला दोन-चार जण चिडले, आमच्यावर विश्वास नाही का म्हणाले. पण फौजी चहाला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

त्याच मुलीने मला एक नियमही वाचून दाखवला, जो मला माहीत होता पण ज्याच्याकडे मी कधी नीट बघितलं नव्हतं. शौर्यपदकाबरोबर जो मासिक भत्ता मिळतो, तो सैनिकाच्या मागे त्याच्या पत्नीला मिळत राहतो. तिने दुसरं लग्न केलं तर तो बंद व्हायचा. अपवाद एकच होता : लग्न मयत नवऱ्याच्या भावाशी केलं तर भत्ता चालू. ही अट संरक्षण मंत्रालयाने २०१७ साली काढून टाकली. म्हणजे माझी सबंध नोकरी होईपर्यंत हा नियम होता, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. बाईनं कुणाशी लग्न करावं हे एक भत्त्याचा नियम ठरवत होता. वर्गात 'लिंगभाव' म्हणून जे शिकवतात, ते हेच. ते कुणाच्या वाईट मनातच असतं असं नाही, फॉर्मच्या रकान्यात आणि नियमाच्या पोटकलमात निवांत बसलेलं असतं.

जायचं कुठे

ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. ढोबळमानाने सहा प्रकारच्या जागा आहेत.

पहिली, हिंसाचाराच्या तक्रारी जिथे येतात ती ठिकाणं. जिल्ह्याजिल्ह्यांत २०१५पासून 'सखी' वन स्टॉप सेंटरं निघाली. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली पोलिसांबरोबर स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं, म्हणजे मार खाऊन दवाखान्यात आलेल्या बाईशी तिथल्या तिथे बोलणारं कुणी असावं. अशा ठिकाणी इंटर्नला पहिल्या दिवसापासून समुपदेशनात बसवत नाहीत, आणि बसवूही नये. पण कागदाचा प्रवास बघता येतो. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा म्हणतो की अर्जाची पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत व्हावी आणि तिथून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात तारखा काय पडतात, अर्ज कुठल्या टेबलावर थांबतो, संरक्षण अधिकाऱ्याकडे आणखी कोणकोणती कामं आहेत, हे आठ आठवड्यांत नीट टिपता येतं. कायद्याच्या वर्गात हे कुणी शिकवत नाही.

दुसरी, कष्टकरी बायकांच्या संघटना. अहमदाबादची 'सेवा' इला भट्ट यांनी १९७२ साली सुरू केली. विडी वळणारी, भाजी विकणारी, घरी बसून शिवणकाम करणारी बाई म्हणजे कामगार, हे कागदावर आणायलाच या संघटनांना झगडावं लागलं. मजुरीचा हिशेब, ओळखपत्र, बचत हे सगळं तिथे जवळून दिसतं.

तिसरी, दस्तऐवज आणि प्रकाशनाचं काम. मुंबईची 'स्पॅरो' ही संस्था १९८८पासून स्त्रियांची छायाचित्रं, मुलाखती, ध्वनिमुद्रणं जपून ठेवते. दिल्लीत 'झुबान'सारखी प्रकाशन संस्था आहे. ज्या मुलीला अनोळखी माणसांत बोलायला जड जातं, पण वाचन दांडगं आहे, तिने इथे जावं. दोन तासांची मुलाखत कान देऊन उतरवून काढणं हे मोठं शिक्षण आहे.

चौथी, संशोधन संस्था. दिल्लीतलं सेंटर फॉर विमेन्स डेव्हलपमेंट स्टडीज १९८० सालचं. शिवाय विद्यापीठांची स्वतःची केंद्रं आहेत. इथे प्रश्नावली, नमुना, आकडे यांचं काम असतं.

पाचवी, सरकार. राष्ट्रीय महिला आयोग १९९२ साली स्थापन झाला, राज्यांचे आयोग आहेत, केंद्रात महिला व बालविकास मंत्रालय आहे. यांच्याकडे विद्यार्थ्यांना घेण्याची सोय असते. पात्रता, मुदत आणि मानधन बदलत असतं, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता अर्जाच्या वेळी त्यांची चालू सूचना स्वतः वाचा. फाईल कशी चालते हे शिकायचं असेल तर ही जागा.

आणि सहावी, माझी आवडती. ज्या ठिकाणाच्या पाटीवर 'महिला' हा शब्दच नाही, तिथे जा. सहकारी दूध संस्था, ग्रामपंचायत, बँकेची शाखा, एसटीचा डेपो, आमच्यासारखं पेन्शनचं मदत केंद्र. दूध कोण काढतं आणि सभासद म्हणून नाव कुणाचं आहे? डेपोत बायका कंडक्टर आहेत, त्यांच्यासाठी विश्रांतीची खोली आणि स्वच्छतागृह कुठे आहे? अशा ठिकाणी विषय जाणणारं आधी कुणी नसतं, म्हणून तिथे तुमचा प्रश्न पहिला असतो. फक्त विद्यापीठातली एक मार्गदर्शक बाई दर आठवड्याला फोनवर हवी, नाहीतर मुलगी एकटी पडते.

जाण्यापूर्वी रेकी

फौजेत जमीन न बघता कुणी पाऊल टाकत नाही. इंटर्नशिपलाही तेच लागू. होकार देण्यापूर्वी संस्थेला हे प्रश्न विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा.

माझं काम एका वाक्यात सांगाल का? 'जे पडेल ते' हे उत्तर आलं तर समजा टायपिंग आहे. माझ्या कामावर देखरेख कुणाची, आणि ती व्यक्ती आठवड्यातून एक तास मला देईल का? मानधन किती, प्रवासखर्च कोण देणार? बाहेरगावी जायचं असेल तर सोबत कोण, मुक्काम कुठे? मी जमा केलेली माहिती कुणाची, आणि मला ती माझ्या प्रबंधात वापरता येईल का? तक्रार करायची वेळ आली तर कुणाकडे करायची?

एवढे प्रश्न विचारले तर आगाऊ समजतील, अशी भीती मुलींना वाटते. मी स्वतः इंटर्न घेतो म्हणून सांगतो, असे प्रश्न विचारणारी मुलगी आली की आम्हीच सावरून बसतो. जी संस्था या प्रश्नांनी नाराज होते, तिथे न गेलेलं बरं.

शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं जास्त सांगतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे. पुष्कळांना वाटतं की तो पगारी नोकरांसाठी आहे. तसं नाही. कायद्याच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी येतात, शिकाऊ येतात, पगार न घेता स्वेच्छेने काम करणारेही येतात. म्हणजे बिनपगारी इंटर्नसुद्धा आली. कामानिमित्त जिथे जाल ते ठिकाण आणि संस्थेने दिलेलं वाहन, हेही कामाचं ठिकाण धरतात. दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्या अध्यक्षपदी स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरची. त्याहून लहान संस्था असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत करावी लागते. पहिल्या दिवशी समितीच्या सदस्यांची नावं वहीत लिहून घ्या. वेळ येऊ नये, पण नावं असावीत. आणि स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेत असं काही घडणारच नाही, हे गृहीत धरू नका. माणसं सगळीकडे सारखीच असतात.

पैशाची गोष्ट

या क्षेत्रात एक मोठी विसंगती आहे, ती स्पष्टच बोलतो. बायकांच्या फुकट श्रमावर वर्गात तासन् तास चर्चा होते, आणि मग त्याच विद्यार्थिनीला सांगतात, "आमच्याकडे मानधन नाही, पण अनुभव मिळेल."

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्यांत बायका दिवसाला सरासरी किती मिनिटं देतात? २०१९च्या पाहणीत २९९ मिनिटं, पुरुष ९७. २०२४च्या पाहणीत बायका २८९, पुरुष ८८. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली, आणि पुरुषांचीही नऊ कमी झाली. माझ्या घरात मी कुठे बसतो हे मी बायकोला विचारलं. तिने जे उत्तर दिलं ते इथे सांगत नाही.

तर मुद्दा असा. फुकट इंटर्नशिप कुणाला परवडते? दिल्ली-मुंबईत ज्यांचं घर आहे त्यांना. नांदेड, बिदर किंवा छिंदवाड्याहून आलेली मुलगी दोन महिने खोलीचं भाडं कुठून भरणार? ज्या मुलींना या विषयातलं अर्धं आयुष्यच सांगून जातं, त्याच बाहेर राहतात. लहान संस्थांकडे पैसा नसतो हेही खरं. आमच्याकडेही पहिल्या वर्षी नव्हता. मग आम्ही ठरवलं की खोलीभाडं, जेवण आणि बसभाडं निघेल एवढी रक्कम आम्ही पाच जण मिळून काढायची, नाहीतर इंटर्न घ्यायची नाही. पाच पेन्शनरांना ते जमतं, तर इतरांनाही काहीतरी जमेल. मुलींनी विद्यापीठाला विचारावं, विभागाकडे कधी कधी क्षेत्रकार्याचा निधी असतो. आणि पैसे अजिबातच नसतील तर आपल्याच गावाजवळ, घरून जाऊन-येऊन करता येईल अशी जागा शोधा. त्यात काही कमीपणा नाही.

काय लिहू नये

आता माझी दुसरी चूक. ही सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

तिसऱ्या वर्षीची इंटर्न हुशार आणि मेहनती होती. तिने अनेक बायकांशी बोलून सुंदर अहवाल लिहिला. नावं बदलली होती, नियम पाळला होता. आमच्या वार्षिक मेळाव्यात मी मोठ्या कौतुकाने त्यातला एक भाग हिंदीत वाचून दाखवला. गावाचं नाव नव्हतं, पण नदीच्या काठचं गाव होतं, नवरा कुठल्या साली वारला ते होतं, तीन मुली आणि एक मुलगा होता, आणि दीर पंचायतीत होता हेही होतं. मेळाव्याला त्या खोऱ्यातली माणसं आलेली होती. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की ही बाई कोण. दीर पासबुक देत नाही, हे तिने त्या मुलीला एकटीत सांगितलं होतं. ते आता साऱ्या गावाला माहीत झालं.

त्यानंतर ती बाई आमच्याकडे आली नाही. आम्ही निरोप धाडला, तर घरच्यांनी सांगितलं की तिला काही मदत नको. तिची फाईल आजही आमच्या कपाटात आहे, त्यावर 'बंद' असं आम्ही लिहिलेलं नाही. इंटर्न खूप रडली. पण चूक तिची कमी होती. तिने अहवाल विद्यापीठासाठी लिहिला होता. तो गावच्या माणसांसमोर वाचायचं डोकं माझं.

तेव्हापासून आमचे नियम असे आहेत. नाव बदलणं पुरेसं नसतं. गाव, साल, मुलांची संख्या, जात, नात्यातलं पद, यांतल्या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस ओळखू येतो. म्हणून तपशील मोडायचे, नाहीतर दोन-तीन जणींच्या हकिगती एकत्र करायच्या आणि तसं केल्याचं लिहायचं. मुलाखतीआधी बाईला तिच्या भाषेत सांगायचं की हे कोण वाचणार आहे. संमती कागदावर अंगठा उठवला की संपली, असं नाही. अहवाल पुरा झाल्यावर तिला पुन्हा विचारायचं, आणि ती 'हे काढा' म्हणाली तर वाद न घालता काढायचं. फोटो नाही, आवाजाची क्लिप व्हॉट्सॲपवर नाही. वही घरी नेली तर कुलपात. आणि ज्या गोष्टीने वाचणारा हळहळेल पण काम पुढे जाणार नाही, ती गोष्ट लिहायचीच नाही.

फौजेत याला 'नीड टू नो' म्हणतात. ज्याला गरज आहे त्यालाच सांगायचं. हा नियम मी नकाशांना आणि तुकड्यांच्या हालचालींना आयुष्यभर लावला, आणि एका बाईच्या घरातल्या गोष्टीला लावायला विसरलो.

परत आल्यावर

आठ आठवड्यांत जग बदलत नाही. म्हणून अहवालाच्या शेवटी वीस शिफारशी लिहू नका. एक लिहा, पण अशी की सोमवारी सकाळी संस्था ती अमलात आणू शकेल. आमचे तीन प्रश्न हे त्याचं उदाहरण. त्याला पैसा लागला नाही, परवानगी लागली नाही.

रोज रात्री पंधरा मिनिटं डायरी लिहा. डाव्या पानावर काय दिसलं, उजव्या पानावर मला काय वाटलं. दोन्ही मिसळू देऊ नका. शेवटच्या आठवड्यात फक्त डावं पान वाचा. प्रबंधाचा विषय बहुधा तिथेच सापडतो. आमच्या पहिल्या इंटर्नला तो फोन नंबरात सापडला.

नोकरीचं काय, हा पालकांचा प्रश्न असतोच. सरळ उत्तर देतो. या पदवीने लठ्ठ पगार लगेच मिळत नाही. पण स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प, सरकारी योजनांचं मूल्यमापन, कंपन्यांच्या तक्रार समित्यांचं प्रशिक्षण, पत्रकारिता, अध्यापन, अशा वाटा आहेत. मुलाखतीत 'मी आठ आठवडे अमुक संस्थेत होते' याला किंमत नाही. 'मी एका फॉर्ममध्ये ही त्रुटी शोधली आणि तो फॉर्म बदलला' याला आहे.

आणि मुलग्यांनीही हा विषय घ्यावा, ही इंटर्नशिप करावी. मी कमिशन घेतलं तेव्हा फौजेत डॉक्टर आणि नर्सिंग सोडलं तर बाई अधिकारी नव्हती. १९९२ साली त्या आल्या, २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना पर्मनंट कमिशनची वाट मोकळी झाली, २०२२ साली मुली एन.डी.ए.त दाखल झाल्या. दर वेळी आम्ही पुरुषांनी सांगितलं की हे जमणार नाही. मेसमधल्या गप्पांत मीही सांगितलेलं आहे. तेव्हा माझ्या शेजारी हा विषय शिकलेला एखादा कॅप्टन असता, तर त्याने मला चार प्रश्न विचारले असते.

इंदूरच्या ताईंना मी शेवटी एवढंच सांगितलं. मुलीला दोन ठिकाणी अर्ज करू द्या, एक मोठ्या नावाचं आणि एक घराजवळचं. दोन्हींना ते सहा प्रश्न विचारू द्या. जिथून नीट उत्तर येईल तिथे जाऊ द्या, मग नाव मोठं असो की छोटं. ताई म्हणाल्या, "तुमच्याकडे जागा आहे का?" या वर्षीची भरली आहे. पुढच्या मे महिन्यात एक आहे.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.